दमट मुंबईत विद्युतप्रभार कसा पकडावा

सातवीच्या सामान्य विज्ञानात स्थितिक विद्युतचा धडा आहे. मी तो बरीच वर्षं शिकवला आणि सुरुवातीच्या वर्षांत तो दरवेळी फसला. बाहेर धो धो पाऊस, वर्गात साठ मुलं, भिंतींना ओल. मी कंगवा केसांवरून फिरवायचे, कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचे आणि कपटे ढिम्म हलायचे नाहीत. "बाई, होत नाही," मागच्या बाकावरून आवाज यायचा. "होतं रे, पुस्तकातलं चित्र बघ," असं मी म्हणायचे. ते वाक्य मला आजही बोचतं. मूल डोळ्यांनी बघत होतं ते खरं होतं आणि मी त्याला ते सोडून चित्रावर विश्वास ठेवायला सांगत होते.

प्रभार कंगव्यावर येत होता, पण तिथे टिकत नव्हता. तो कुठून जातो हे कळलं तेव्हा प्रयोग जमायला लागले आणि धडाही मला नीट समजला. म्हणून हा लेख मुंबईच्या हवेपासून सुरू होतो. कृती पुण्यात किंवा नागपुरातही चालतील, तिथे त्या उलट सोप्या जातील.

आधी प्रभार म्हणजे काय

प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते. अणूच्या केंद्रकात धनप्रभारित प्रोटॉन असतात आणि भोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. दोन्हींची संख्या सारखी आणि प्रभारही मापाने अगदी सारखा असतो, त्यामुळे एरवी हिशेब जुळतो आणि वस्तू उदासीन राहते. दोन वेगळ्या पदार्थांचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून सुटे झाले, की काही इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे राहून जातात. ज्याने गमावले तो धनप्रभारित, ज्याला मिळाले तो ऋणप्रभारित. घासण्याने वीज "तयार" होते असं आपण सहज बोलतो, पण नवीन काहीच निर्माण होत नाही, फक्त वाटणी बदलते. घासण्याचं काम एवढंच की त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग जास्त ठिकाणी आणि पुन्हा पुन्हा एकमेकांना भिडतात. नुसतं चिकटवून सोडवलं तरी पुरतं, हे पहिल्याच प्रयोगात दिसेल.

आपल्याकडे अंबर या खड्याला तृणमणी असा शब्द आहे, गवताची काडी ओढणारा मणी. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली या ओढीचा पद्धतशीर अभ्यास छापला, तेव्हा त्यांनी त्याच ग्रीक शब्दावरून नवा शब्द घडवला आणि आजची 'इलेक्ट्रिसिटी' तिथून आली. दोन भाषांनी एकाच खड्यात दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. मुलांना हे सांगितलं की धड्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलते, हा माझा अनुभव आहे.

प्रभार दोन प्रकारचे असतात हे फ्रान्सच्या द्यु फे यांनी १७३३ च्या सुमारास दाखवलं. त्यांनी नावं दिली काचेचा आणि राळेचा. धन आणि ऋण ही नावं नंतर बेंजामिन फ्रँकलिन यांनी रूढ केली. काचेवर येतो तो धन, हे त्यांनी निव्वळ ठरवलं. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला आणि खरा हलणारा कण ऋण निघाला. म्हणून "ऋण" म्हणजे कमी असं मुलांना चुकूनही सांगू नका. ऋणप्रभारित वस्तूवर इलेक्ट्रॉन जास्त असतात.

प्रभाराचं एकक कूलोम. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ × १०⁻¹⁹ कूलोम, म्हणजे एक कूलोम भरायला सुमारे ६.२४ × १०¹⁸ इलेक्ट्रॉन लागतात. घासलेल्या कंगव्यावर किती असेल? साधारण १० नॅनोकूलोम धरा, नॅनो म्हणजे अब्जावा भाग. एवढ्याशा प्रभारासाठीही सहा हजार कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे झालेले असतात.

कूलोम यांनी १७८५ मध्ये मांडलेला नियम सांगतो की बल दोन्ही प्रभारांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतं आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. असे १० नॅनोकूलोमचे दोन प्रभार दहा सेंटिमीटरवर ठेवले तर बल येतं सुमारे ९ मिलिग्रॅम वजनाएवढं. वहीच्या कागदाचा एक सेंटिमीटर बाजूचा चौकोन साधारण ७ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे आपले प्रयोग कागदाच्या कपट्याच्या वजनाच्या पातळीवर चालतात. तेव्हा झुळूक, ओल आणि घाम, तिन्ही शत्रू. पंखा बंद करायला विसरू नका.

प्रभार पळतो कुठून

दमट हवाच वीज वाहून नेते, असं पूर्वी मीही शिकवायचे. हवेतून होणारी गळती थोडी असते. मोठी गळती वस्तूच्या पृष्ठभागावरून होते. हवेतली आर्द्रता वाढली की प्लॅस्टिकवर, काचेवर पाण्याचा डोळ्याला न दिसणारा पातळ थर बसतो. त्यात हाताच्या घामातलं आणि समुद्रावरून येणाऱ्या हवेतलं मीठ विरघळलं की तो थर सुवाहक होतो. कंगव्यावरचा प्रभार त्या थरावरून तुमच्या बोटांकडे, तिथून शरीरातून जमिनीकडे निघून जातो. काचेला पाण्याचं विशेष प्रेम, म्हणून काचेची कांडी आणि रेशीम हा पुस्तकातला मानाचा प्रयोग मुंबईत सगळ्यात आधी फसतो. मेणावर पाणी पसरत नाही, म्हणून मेण इथे फार उपयोगी.

हे कळल्यावर करायच्या गोष्टी आपोआप ठरतात. प्लॅस्टिकच्या वस्तू साबणाने धुवा, भरपूर पाण्याने साबण घालवा आणि पूर्ण वाळवा. नंतर घासायच्या भागाला बोटं लावू नका, फक्त टोकाला धरा. प्रयोगाआधी हेअर ड्रायरने कोमट करा, नाहीतर उन्हात ठेवा. गॅसच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर वाळवू नका. ज्योतीतून आयन, म्हणजे प्रभारित कण, निघतात आणि ते प्रभार पुसून टाकतात. प्रभार पुसायचाच असेल तेव्हा मात्र हाच गुण कामाला येतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे तोंड उघडून वस्तूवर दमट उच्छ्वास सोडणे.

वेळही निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा प्रयोग एसी असलेल्या खोलीत करा. एसीच्या नळीतून बाहेर ठिबकणारं पाणी म्हणजे खोलीतल्या हवेतूनच काढलेली आर्द्रता. उत्तम दिवस जानेवारी-फेब्रुवारीतले. सकाळी वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो आणि दुपारी समुद्रावरून फिरतो. तो फिरण्याआधीची अकरा ते एकची वेळ साधा. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतं. ते टेबलावर ठेवा आणि प्रत्येक प्रयोगाशेजारी आकडा लिहा. आठ दिवसांत मुलं स्वतःच सांगायला लागतात की आज जमेल की नाही.

सामान

प्लॅस्टिकचे स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या इतर प्लॅस्टिकबरोबर देशभर बंद झाले, त्यामुळे जुन्या पुस्तकांतले स्ट्रॉचे प्रयोग सोडून द्या. त्याऐवजी वायरिंगसाठी वापरतात तो पीव्हीसी पाइप, फूटभर लांबीचा, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात कापून देतात. लोकरीसाठी घरातली माकडटोपी किंवा मफलर बघा. मुंबईकरांकडे या गोष्टी महाबळेश्वरच्या सहलीपुरत्याच असतात, पण असतात. रेशमासाठी पूजेच्या जुन्या कदाचा तुकडा चालतो. शिवाय पारदर्शक चिकटपट्टी, रुंद तोंडाची काचेची बरणी, जाडसर तांब्याची तार, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल, पांढरी मेणबत्ती, स्टीलची ताटली आणि टेस्टरमधला छोटा निऑन दिवा. तो दिवा सुटा हवा असेल तर लोहार चाळीत मिळतो.

पहिला प्रयोग: चिकटपट्टी

सुरुवात इथूनच करा. पट्टी सोडवली की ताजा, कोरडा पृष्ठभाग उघडा पडतो, म्हणून हा प्रयोग पावसाळ्यातही बहुधा जमतो.

१. गुळगुळीत टेबलावर वीतभर लांबीची एक चिकटपट्टी लावून ठेवा. ही बैठक, ती हलवायची नाही. शेजारी तशीच दुसरी बैठक लावा.

२. दोन्ही बैठकींवर एकेक नवी पट्टी चिकटवा. नव्या पट्टीचं एक टोक दुमडून धरायला जागा ठेवा.

३. वरच्या दोन्ही पट्ट्या झटक्यात ओढून काढा आणि एकमेकींजवळ लोंबत्या धरा. त्या एकमेकींपासून दूर जातील. दोघींवर एकच कृती झाली, म्हणून प्रभारही एकच.

४. आता दोन नव्या पट्ट्या घ्या. एक बैठकीवर, दुसरी तिच्या पाठीवर चिकटवा. टोकांवर पेनाने "खा" आणि "व" लिहा, म्हणजे खालची आणि वरची. दोन्ही एकत्रच बैठकीवरून हळू उचला, गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवून जोडीवरचा प्रभार घालवा.

५. आता दोघींना झटक्यात वेगळं करा. जवळ आणल्या की त्या एकमेकींवर झेप घेतील. एकीने गमावले तेवढेच इलेक्ट्रॉन दुसरीला मिळाले.

पाचव्या पायरीत प्रभाराची अक्षय्यता डोळ्यांसमोर येते. वेगळं करण्याआधी जोडी उदासीन होती हे आधी तपासून घ्या. ती हाताकडे किंवा कपट्यांकडे ओढली जात नसेल तर बोट नीट फिरलं आहे.

कोणती पट्टी धन, कोणती ऋण? लोकरीवर घासलेला पीव्हीसी पाइप ऋणप्रभारित होतो. तो जवळ न्या. जी पट्टी दूर पळेल ती ऋण. पाइपकडे येणाऱ्या पट्टीवरून मात्र निष्कर्ष काढू नका, कारण उदासीन वस्तूही प्रभारित वस्तूकडे ओढली जाते. प्रभार आहे याची खात्री फक्त प्रतिकर्षण देतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि पाठ करून उत्तर लिहिणारी मुलं हमखास गोंधळतात. पट्टी हातात धरलेली मुलं सहसा चुकत नाहीत.

एकदा "खा" आणि "व" यांची चिन्हं ठरली की घरभर हिंडा. प्लॅस्टिकची मोजपट्टी रेशमावर घासून बघा, फुगा केसांवर, फोल्डर सदऱ्यावर. पारदर्शक दिसणाऱ्या दोन मोजपट्ट्या वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या असू शकतात आणि उलट चिन्हं देऊ शकतात. पुस्तकातली यादी पाठ करण्यापेक्षा मुलांनी अशी स्वतःची यादी करावी.

कागदाचे कपटे, थोडक्यात

घासलेला पाइप कपट्यांवर धरा. कपटा उदासीनच असतो, पण पाइपमधला ऋण प्रभार कपट्यातले इलेक्ट्रॉन किंचित मागे ढकलतो. जवळच्या बाजूला धन, लांबच्या बाजूला ऋण अशी स्थिती होते. जवळची ओढ लांबच्या ढकलण्यापेक्षा जास्त, म्हणून कपटा वर येतो. याला प्रवर्तन म्हणतात. थोड्या वेळाने काही कपटे टणकन उडून जातात, कारण त्यांना पाइपचाच प्रभार मिळालेला असतो. दमट हवेत कागद ओलसर असल्यामुळे किंचित सुवाहक होतो आणि हे लवकर घडतं. आपल्या हवेचा हा एक फायदाच समजा.

नळाची बारीक धार पाइपकडे वळते, तेही प्रवर्तनामुळेच. नळाच्या पाण्यात विरघळलेले आयन असतात आणि ते सरकून धारेवर विरुद्ध प्रभार गोळा होतो. पाणी ठरावीक वेळी येणाऱ्या घरात त्यासाठी नळ वाहता ठेवू नका. तळाला बारीक भोक पाडलेली बाटली बादलीवर धरली की झालं.

विद्युतदर्शी: बरणी, तार, फॉइल

वस्तूवर प्रभार आहे का हे दाखवणारं साधन म्हणजे विद्युतदर्शी. प्रयोगशाळेत सुवर्णपत्र विद्युतदर्शी असतो. मी एकदा मिठाईवरचा चांदीचा वर्ख लावून पाहिला, तो इतका पातळ की श्वासानेच फाटला. स्वयंपाकघरातली फॉइल जाड असली तरी टिकते.

बरणीच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला मधोमध पेन जाईल एवढं भोक पाडा. तार त्यातून मधोमध धरा आणि सभोवती वितळलेलं मेण ओतून भोक बुजवा. मेण ओतायचं काम मोठ्यांनीच करावं. तार झाकणाला कुठेही टेकता कामा नये, तिच्याभोवती सगळीकडे मेणच हवं. माझी पहिली तीन विद्युतदर्शी याच चुकीमुळे निकामी झाली. तारेच्या वरच्या टोकाला फॉइलचा घट्ट गोळा बसवा. टोकदार भाग उघडा राहिला तर प्रभार तिथून हवेत गळतो, म्हणून गोळा गुळगुळीत करा. खालच्या टोकाला आकडा करून फॉइलच्या दोन पट्ट्या अडकवा, चार सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद. आकड्यात त्या सहज झुलल्या पाहिजेत. बरणी आतून वाळवा, तळाशी बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि झाकण लावा.

घासलेला पाइप गोळ्याजवळ आणा, टेकवू नका. पट्ट्या फाकतील. दूर नेला की मिटतील. गोळ्यातले इलेक्ट्रॉन खाली पट्ट्यांत ढकलले गेले आणि परत आले, बाहेरून काहीच आलं नाही. आता पाइप जवळ धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताचं बोट क्षणभर गोळ्याला लावा. पट्ट्या मिटतील. आधी बोट काढा, मग पाइप. पट्ट्या पुन्हा फाकतील आणि तशाच राहतील. पाइपने ढकललेले काही इलेक्ट्रॉन तुमच्या शरीरातून जमिनीत गेले आणि विद्युतदर्शी धनप्रभारित झाला, पाइपच्या उलट. क्रम चुकला, आधी पाइप काढला, तर काहीच उरत नाही. का, हे मुलांना विचारा आणि उत्तर यायला वेळ द्या.

पट्ट्या किती वेळ फाकलेल्या राहतात ते घड्याळावर मोजा. फेब्रुवारीच्या दुपारी आणि जूनच्या संध्याकाळी, तीच बरणी. माझ्या मते या धड्यातलं मुंबईकर मुलांसाठी सर्वांत चांगलं मोजमाप हेच आहे.

ताटलीतून ठिणगी

अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७५ मध्ये लोकांपुढे आणलेलं हे साधन. त्याला पाया म्हणून सपाट दुर्वाहक तबकडी लागते. चोर बाजारात जुन्या एलपी रेकॉर्ड मिळतात, त्या पीव्हीसीसारख्याच प्लॅस्टिकच्या असतात. चरे पडलेली, वाजवायला निरुपयोगी रेकॉर्ड घ्या. ताटलीच्या मध्यभागी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा मेणाने उभा चिकटवा, ही मूठ.

रेकॉर्ड लोकरीने जोरात घासा. ताटली मुठीने धरून तिच्यावर ठेवा. ताटलीला बोट लावा, काढा. आता मुठीने ताटली उचला आणि बोट तिच्या कडेजवळ न्या. बारीक टक्कन आवाज येईल, अंधारात निळसर ठिणगी दिसेल. कोरड्या हवेतून ठिणगी पडायला दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात, तेव्हा दोन मिलिमीटरच्या ठिणगीमागे काही हजार व्होल्ट असतात. घरातल्या २३० व्होल्टने माणूस दगावू शकतो आणि हिने नुसतं चमकायला होतं, कारण ताटलीवरचा प्रभार अत्यल्प असतो आणि एका क्षणात संपतो. मुलांना हा फरक नीट समजावून द्या आणि भिंतीतल्या प्लगशी कोणताही प्रयोग करू देऊ नका. सुटा निऑन दिवाही प्लगमध्ये कधीच घालायचा नाही.

दिव्याची एक तार बोटांत धरा, दुसरी उचललेल्या ताटलीला लावा. दिवा क्षणभर लुकलुकेल. आत नीट पाहा, दोनपैकी एकाच कांडीभोवती नारिंगी प्रकाश येतो, ती ऋण बाजू. इथे तुमच्या हाताकडची कांडी उजळली पाहिजे, कारण ताटली धनप्रभारित आहे. रेकॉर्ड पुन्हा न घासता ताटली ठेवा, बोट लावा, उचला, पुन्हा दिवा लागेल. रेकॉर्डवरचा प्रभार खर्च होत नाही. दर वेळी ऊर्जा येते ती ओढणाऱ्या प्रभारांपासून ताटली वर उचलणाऱ्या तुमच्या हातातून.

ही ठिणगी स्वयंपाकघरात पाडू नका, गॅस किंवा पेट्रोलची वाफ पेटवायला एक मिलिज्यूलहून कमी ऊर्जा पुरते. पेट्रोल पंपावर टँकर रिकामा करण्याआधी अर्थिंगची तार जोडतात ती याचसाठी. मोबाइल आणि कॉम्प्युटरही लांब ठेवा. आपल्याला झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, पण काही चिप्स १०० व्होल्टच्या आतही बिघडतात. लॅमिंग्टन रोडवरचे चांगले कारागीर म्हणूनच मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात. एसी ऑफिसात दाराच्या मुठीचा झटका बसत असेल तर आधी हातातली किल्ली मुठीला टेकवा. ठिणगी किल्लीवर पडते, बोटाला कळत नाही.

पावसाळ्याआधी सामान आवरताना पाइप आणि रेकॉर्ड धुऊन वाळवा, कागदात गुंडाळा. विद्युतदर्शीच्या पट्ट्या काढून ठेवा, नाहीतर आकड्याला चिकटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सगळं ठेवा आणि उन्हात तापवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका. चिकटपट्टी बाहेरच असू द्या, ती जुलैतही लागेल.